दहा माणसं, एक गाडी आणि दोन खाड्यांमधला किनारा

नमस्कार मंडळी. कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी, घेऊन मुंबई ते गोवा, किनाऱ्या-किनाऱ्यानं, असे व्हिडिओ तुम्ही ढिगानं पाहिले असतील. दोघं नवराबायको, एक कुत्रा, मागे दिव्यांची माळ. आज आपण दहा माणसांचं बोलू. सासूबाई-सासरे, आत्याबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची लेक. एवढा गोतावळा मुलुंडहून निघाला आणि रोज शंभर किलोमीटर कापायचे म्हणाला, तर तिसऱ्या दिवशी जेवणापुरतंच एकमेकांशी बोलतो.

म्हणून माझं सांगणं आधीच सांगून टाकते. मोठ्या कुटुंबानं आख्खा किनारा करायला जाऊच नये. दोन खाड्यांच्या मधला एक तुकडा धरायचा आणि सुट्टी संपेपर्यंत तिथंच मुरायचं.

(नकाशा)

हे बघा. सह्याद्रीवरनं पश्चिमेला उतरणारी मोठी नदी इथं समुद्राला मिळताना रुंद होते, आणि किनाऱ्याचा रस्ता तिथं तुटतो. राजपुरीची खाडी, मग सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. रेवस ते रेडी असा सलग सागरी महामार्ग हे बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न, ते मुख्यमंत्री होते 1980 ते 82. तेव्हापासून रस्त्याचे तुकडे झाले, पूलही झाले, पण मोठ्या खाड्यांवर आजवर आपली भिस्त जंगलजेटीवर. गाड्या वाहून नेणारी फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळची 2003 मध्ये सुरू झाली, आणि गुहागरला जाणाऱ्यांचा चिपळूणचा वळसा वाचला.

छोट्या गाडीला ही फेरी म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची गंमत. आपल्याला तसं नाही. आपली गाडी लांब, आणि मागच्या चाकांच्याही मागे तिचं पाच-सहा फूट धूड लोंबतं. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात खोलगट कोन होतो. गाडी त्या कोनात उतरली की शेपूट घासतं. पाण्याच्या टाकीचा नळ किंवा सायलेन्सर तिथंच असतो, हे लक्षात घ्या. त्यामुळे सगळ्यांना आधी उतरवायचं, गाडी हलकी करून तिरकी घ्यायची, आणि बोटीवरचा माणूस हात करेल तसंच चालवायचं. घरच्या चौघांनी चार बाजूंनी ‘येऊ दे येऊ दे’ करायचं नाही. आमच्याकडे हे दिरांना खास सांगावं लागतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. म्हणजे भरतीचं पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तितकंच खोल जातं. तेव्हा हा उतार सगळ्यात वाईट. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाण्याचा चढउतार कमी. खाडी ओलांडायची असेल तर मी भांगाचे दिवस बघते.

आता भरतीची वेळ कशी काढायची? मोबाईलवर मिळतेच, पण आत्याबाईंची पद्धत रेंज नसतानाही चालते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण मुलांना पाण्यात कधी सोडायचं नि कधी हाक मारून बाहेर काढायचं, त्याला पुरेसं आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून तर हे गणित जुळतं.

गाडीकडे येऊ. दहा माणसांना बसवणारी आणि दहा माणसांना झोपवणारी अशी गाडी शोधू नका. आपल्या कोकणातल्या गल्ल्यांत ती मावणार नाही. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, वरून विजेची तार आणि नारळाची झावळ. ट्रॅव्हलरच्या, म्हणजे मिनीबसच्या, आकाराची गाडी ही तिथली शेवटची हद्द, असं मी धरते. तिच्यात सगळे पट्टा लावून बसतील एवढ्या सीट ठेवा, मागे ओटा, शेगडी, टाकी, आणि रात्री चौघांपुरता बिछाना. बस्स. चालत्या गाडीत कुणी बिछान्यावर लोळायचं नाही, आणि आरसी बुकात जितक्या सीट लिहिल्यात तितकीच माणसं.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीत आतून असे बदल करायचे तर आरटीओची मंजुरी लागते, आणि विम्यातही ते दाखवावे लागतात. त्यामुळे गॅरेजवाला ‘करून देतो हो, कोण बघतंय’ म्हणाला की तिथून निघा. लायसन्सचा प्रश्न बरेच जण विचारतात. एकूण वजन 7500 किलोच्या आत असलेली गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीच्या, लायसन्सवर चालते, आणि व्यावसायिक गाडीलाही तेच लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

खरी गंमत वजनात आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माणशी वीस लिटर धरलं तर दहा जणांचं दोनशे किलो, म्हणजे तीन माणसं जास्तीची बसवल्यासारखं. घाटात ब्रेकला ते कळतं. मी टाकी कधीच पूर्ण भरत नाही. भांडी विसळायला, हातपाय धुवायला, पायाची वाळू काढायला लागेल तेवढंच. पाणी जिथं उतरतो तिथं मिळतं.

आणि उतरायचं कुठं? राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच राहत्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं. पण किनाऱ्यावर आपल्याला रोज संध्याकाळी तारतं ते एकच, रस्त्याकडेचा बोर्ड, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. मोठी माणसं आत खोलीत, कारण रात्री दोनदा उठून गाडीची पायरी उतरणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मुलं नि सोबतीला आमच्यातला एकजण अंगणात गाडीत. एकाच जागी तीन-चार रात्री राहणार म्हटल्यावर वाडीवाले काकाही खूश असतात. फक्त गाडी माडाखाली लावायची नाही. काकाच सांगतात, पण नाही सांगितलं तरी मान वर करून बघा.

जेवणाची मेख वेगळी आहे. इथं हॉटेलासारखं गेलं की ताट येत नाही. रात्रीच्या जेवणाचं सकाळीच सांगायचं, माणसं किती, मासे खाणारे किती, शाकाहारी किती. दहाचा आकडा ऐकला की काकूंना नारळ खोवायला वेळ लागतो, हा साधा हिशोब आहे. संकष्टी आली की आमच्यातले मासे खाणारे अचानक सहावरून दोनवर येतात, तेही आधी कळवायचं. आणि सकाळचा चहा मात्र आपल्या गाडीत. सासूबाईंना साडेपाचला लागतो, एवढ्या पहाटे दुसऱ्याचं घर उठवायचं नसतं. शेगडी पेटवायच्या आधी दार उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून छताची खिडकी उघडून भागत नाही, गॅसला खालून बाहेर जायला वाट हवी.

उकाड्याचं काय? ‘एसी बसवला की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदावर जेमतेम अडीच युनिट. एक टनाचा एसी ताशी साधारण एक युनिट खातो. म्हणजे दहाला लावला की बारा-साडेबाराला बंद. त्याच बॅटरीवर कमी विजेचे चार पंखे रात्रभर चालून उरते. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, रात्री उलटा, आणि रात्रीचा वारा दिवसाच्या मानानं मंद. दुपारी सरकतं दार समुद्राकडे, हे सगळ्यांना सुचतं. रात्री मात्र दोन्ही बाजूंच्या खिडक्या समोरासमोर उघड्या हव्यात, आणि त्यांना जाळी हवी. डास तिथलेही तरबेज आहेत. तरीही एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. शाळांमुळे जमत नसेल तर दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी धरा.

आता एक तुकडा जवळून दाखवते. दिघी ते बागमांडला. वरती राजपुरीची खाडी, खाली सावित्रीची, मधे रस्ता जेमतेम पन्नासेक किलोमीटर. मुंबईहून निघताना गाडी भाऊच्या धक्क्याला रो-रोवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, चढवली की साधारण तासाभरात मांडवा. तिकीट आधी काढा आणि गाडीची लांबी खरी सांगा. पुढे अलिबाग, मुरुड, आगरदांडा आणि जंगलजेटीनं दिघी. फेरी टाळायची असेल तर माणगाव-म्हसळा रस्ता आहेच.

पहिला मुक्काम दिवेआगर. लांबलचक सपाट पुळण म्हणजे वाळूचा किनारा, केवड्याचा वास आणि बापट-जोशांच्या वाड्या. इथला सोन्याचा गणपती 2012 मध्ये चोरीला गेला होता, 2021 मध्ये पुन्हा बसवला. सासऱ्यांना रोज दर्शनाला चालत जाता येतं, त्यामुळे ते दुसरीकडे कुठे न्या म्हणत नाहीत. इथं तीन रात्री काढा.

मग श्रीवर्धन. मधला शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की मुलं खिडकीत भांडतात. मुंबईकरांना शेखाडी आठवते ती 1993 च्या बॉम्बस्फोटांतल्या आरडीएक्समुळे, ते याच किनाऱ्यावर उतरलं होतं. आज तिथं थांबून बघितलं तर फक्त खडक आणि पाणी. श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव म्हणून जायचं, आणि येताना रोठा सुपारी आणायची. आत्याबाई ती अडकित्त्यानं एक कातरून, दातात धरून, मगच किलोचा भाव विचारतात. दुकानदार त्यांना घाबरून असतो.

शेवटी हरिहरेश्वर. इथली प्रदक्षिणा म्हणजे भरतीच्या गणिताची परीक्षा. देवळामागून खडकातल्या पायऱ्या खाली उतरतात आणि वाट समुद्राच्या काठच्या कातळावरून जाते. पाण्यानं कुरतडून त्या कातळाला जाळी पडलीय. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीत लाट थेट कातळावर आपटते, आणि ओल्या शेवाळावरून पाय गेला की धरायला काही नाही. इथं माणसं वाहून गेलेली आहेत. तेव्हा पाणी उतरत असताना निघा, चढायला लागल्यावर नको. आम्ही मोठ्यांना देवळातच बसवतो.

एक गोष्ट तेवढी कुठंच करू नका. गाडी पुळणीवर नेऊ नका. कायद्याचा बडगा आहेच, पण साडेतीन-चार टनांची गाडी ओल्या वाळूत एकदा बसली की चाक फिरवाल तेवढी खाली जाते, आणि भरती काही कुणासाठी थांबत नाही. मग गावातला ट्रॅक्टर बोलवायचा, तो मागेल ते द्यायचे.

बागमांडल्याला पोचलात की समोर वेश्वीचा धक्का दिसतो आणि घरात एकजण तरी म्हणतो, ‘आलोच आहोत तर पलीकडे जाऊ या.’ आमच्याकडे जाऊबाई म्हणतात. पलीकडे गेलात की वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली असा नवा पसारा सुरू होतो, त्याला वेगळी सुट्टी ठेवा. म्हसळा-माणगाववरून परत फिरा, शक्यतो रविवारी दुपारी नको, कारण तेव्हा आख्खी मुंबई त्याच मुंबई-गोवा महामार्गावर असते. सोमवारी पहाटे निघा. आणि घरी पोचल्यावर गाडी नुसती वरून पुसून सोसायटीत लावू नका. एखाद्या सर्व्हिस सेंटरला नेऊन खालून गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्या, चाकांच्या आतली वाळू आणि चॅसीवरचं मीठ निघेपर्यंत. पुढच्या भागात गॅसची जोडणी आणि टाकीचे नळ उघडून दाखवते.