चॅट्सवर्थचं कारंजं: पंप नाही, तर पाणी ९० मीटर चढतं कसं?

नमस्कार मंडळी! इंग्लंडमधल्या बागांचा विषय निघाला की खाली एक प्रश्न हमखास येतो: चॅट्सवर्थच्या त्या उंच कारंजाला पंप कितीचा आहे? पंप नाहीच.

आधी इतिहास, भराभर. डर्बीशरमध्ये डरवेंट नदीकाठची ही जहागीर कॅव्हेंडिश घराण्याने १५४९ मध्ये घेतली. पुढे पहिला ड्यूक झालेल्या विल्यमने १६८७ पासून वाडा जवळजवळ नव्याने बांधला. अठराव्या शतकात केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने आखीव बाग मोडून मोकळी हिरवळ केली. १८२६ मध्ये पंचविशीही न गाठलेला जोसेफ पॅक्स्टन मुख्य माळी म्हणून आला. १८४४ मध्ये रशियाचा झार निकोलस येणार या आशेने सहाव्या ड्यूकने त्याच्याकडून हे कारंजं करून घेतलं. झार इथे आलाच नाही. पॅक्स्टनचं काम मात्र राहिलं.

त्याने बागेपेक्षा साधारण ३५० फूट उंच माळावर ८ एकरांचं तळं खणलं आणि तिथून लोखंडी पाइप खाली आणला. बस, एवढंच.

इथेच सगळे घसरतात. ‘८ एकर तळं, म्हणून एवढं प्रेशर!’ नाही हो. प्रेशर उंचीचं असतं, पाण्याच्या साठ्याचं नाही. गच्चीवर ५०० लिटरची टाकी असो की ५,००० ची, पाण्याची पातळी सारखी असेल तर बंद नळावर दाब तोच. १० मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो. ३५० फुटांना साडेदहा किलोच्या आसपास. मोठं तळं फक्त कारंजं जास्त वेळ चालवतं.

दुसरी बाजू: ‘पाइपवर अंगठा दाबला की धार लांब जाते, मग नोझल अजून बारीक करा.’ अंगठ्याने नवीन दाब तयार होत नाही. पाण्याचा वेग पाइपात कमी होतो, घर्षणात वाया जाणारा दाब वाचतो, तो धारेला मिळतो. नोझल फारच बारीक केलं तर धारेचे तुषार होतात आणि हवाच तिला अडवते.

तिसरी बाजू आकड्यांत बघा. तळं ३५० फुटांवर, धारेची नोंदलेली कमाल उंची २९६ फूट, म्हणजे ९० मीटर. मधले ५४ फूट पाइपातल्या घर्षणाने आणि हवेने खाल्ले. तळ्याच्या पातळीच्या वर धार जाणं शक्यच नाही, नोझल कुठलंही लावा.

आणि एवढ्या दाबाचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद करायचा नसतो. लांब पाइपातलं धावतं पाणी एकदम थांबलं की दाबाचा तडाखा बसतो, जोड निखळतात. सावकाश, फेऱ्याफेऱ्याने.

कॅव्हेंडिश केळ्यामागचा पॅक्स्टन तो हाच का, असंही बरेच जण विचारतात. होय, हाच पॅक्स्टन. त्याने इथल्या काचघरात बुटक्या जातीची केळी फळाला आणली, तिला ड्यूकच्या घराण्याचं नाव मिळालं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातल्या.

बघायला जाणार असाल तर पावसाळी आठवड्यानंतर जा. तळं माळावरच्या पावसावर भरतं. कोरड्या उन्हाळ्यात पातळी उतरली की कारंजं आवरतं घ्यावं लागतं.