पहिला इंच

नमस्कार श्रोतेहो.

परवा शेजारच्या वहिनी विचारत होत्या, "खिडक्यांना लाकडी ब्लाइंड्स लावायचे म्हणतेय, कुठले घेऊ?" मी म्हटलं, "कुठले ते नंतर बघू. आधी तुमच्या घरातली टेप दाखवा." त्या बघतच राहिल्या माझ्याकडे. त्यांना काय ठाऊक, या टेपपायी आमच्या घरात काय रामायण झालंय ते! ते सांगणारच आहे. खरं सांगायचं तर ते सांगायला मिळावं म्हणूनच हा विषय मी घेतला.

पण आधी ब्लाइंड्स कशाला, ते दोन शब्दांत.

आमचं घर कोथरूडला. हॉलच्या तिन्ही खिडक्या पश्चिमेला. एप्रिलमध्ये चार वाजले की ऊन थेट सोफ्यावर येऊन बसतं, आणि पाहुणा येऊन बसावा तसं सहा वाजेपर्यंत हलत नाही. पडदा ओढला तर अंधार, सरकवला तर डोळ्यांवर तिरीप. मग पडदे ओढायचे आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावायची! बाहेर एवढं ऊन सांडलेलं असताना घरात दिवा लावून बसणं हा मला शुद्ध करंटेपणा वाटतो. असो.

पडद्याला दोनच गोष्टी येतात, उघडणं आणि मिटणं. पट्ट्यांच्या ब्लाइंडला तिसरी येते, कलणं. पैसे आपण त्या कलण्याचे देतो. आणि ब्लाइंड नुसता आडवा उघडून ठेवला तर ते पैसे फुकट जातात.

कसं कलवायचं? हे नीट ऐका, कारण बहुतेक घरांत मी उलटं बघते. पट्टीची रस्त्याकडची कड खाली, घरातली कड वर. परत सांगते. बाहेरची कड खाली, आतली कड वर. मग वरून येणारं ऊन पट्टीच्या पाठीवर अडतं, आणि खालून, अंगणातून, समोरच्या भिंतीवरून उसळलेला उजेड छताकडे जातो. खोली उजळते, ऊन मात्र आत येत नाही. समोरच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यांवरून आत दिसत नाही, आणि रस्त्यावरून कोणी मान वर करून पाहिलंच तर त्याला आपलं छत दिसतं, पंखा दिसतो. बघू दे बापडा.

ही काही नवी विद्या नाही. गिरगावात माझ्या आजोळी जुन्या इमारतीत सागवानी झिलमिल्या होत्या. मधोमध एक उभी काठी, ती वरखाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम हलायच्या. त्यांचीही बाहेरची कड खालीच असायची, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर निथळायचं. आजी दुपारी त्या काठीशी बसून अख्ख्या गल्लीची हजेरी घ्यायची आणि गल्लीला तिचा पत्ता नसायचा. गंमत बघा, इंग्रज या पट्ट्यांना व्हेनिसचं नाव देतात आणि पोर्तुगीज म्हणतात 'पर्सियाना', म्हणजे इराणच्या. आजी म्हणायची, आमच्या.

तर आता टेप.

दुकानात जाऊन आम्ही ब्लाइंड पसंत केला. पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी, मधासारखा रंग. दुकानदार म्हणाला, "माप आमचा माणूस घेईल, परवा येईल." मला दम कुठला! म्हटलं, "मी आणते माप. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी आहे मी." हे वाक्य लक्षात ठेवा.

घरी आले, आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. पिवळी, मऊ पडलेली, वळ्या घालून रबरबँड लावलेली. आणि माप मी अगदी शास्त्रोक्त घेतलं हो. रुंदी तीन ठिकाणी मोजायची. वर, मध्ये आणि खाली. कारण खिडकी डोळ्यांना चौकोनी दिसते, पण ओळंबा लावलात तर बहुतेक घरांत ती कुठे ना कुठे तिरकी निघते. तीन मापांतलं सगळ्यात लहान धरायचं. तीन ठिकाणी मोजायचं, लहान धरायचं. मी तसंच केलं. वर सव्वाअठ्ठेचाळीस, मध्ये अठ्ठेचाळीस, खाली सव्वाअठ्ठेचाळीस. कागदावर लिहिलं, अठ्ठेचाळीस इंच. खाली रेघ मारली. दोनदा.

तीन आठवड्यांनी ब्लाइंड्स आले. बसवायला मुलगा आला, शिडीवर चढला, ब्लाइंड चौकटीत धरला. जाईना. डावं टोक आत घातलं की उजवं बाहेर. मी खालून सूचना देतेय, "जरा तिरका धर, जरा दाब." तो दमला, उतरला आणि म्हणाला, "मॅडम, अर्धा इंच मोठा आहे."

झालं! मी लावला दुकानात फोन. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. दुकानदार शांत. म्हणाला, "ताई, तुमच्या मापातून आम्ही ब्लाइंड मोकळा हलायला नेहमीची अर्धा इंच सूट कापली आणि साडेसत्तेचाळीसचा केला. पोराकडे स्टीलची टेप आहे, मोजायला सांगा." पोरानं मोजलं. सत्तेचाळीस. मी आईची टेप आणली, सगळ्यांदेखत मोजलं. अठ्ठेचाळीस! परत त्यानं, सत्तेचाळीस. परत मी, अठ्ठेचाळीस. घरात दोन तट पडले. नवरा स्टीलच्या बाजूनं, मुलगी माझ्या बाजूनं. मी म्हटलं, "ही टेप चाळीस वर्षं या घरात आहे, हिच्यावर अर्ध्या वाड्याचे ब्लाउज शिवलेत!"

तेवढ्यात आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "अगं, त्या टेपला पहिला इंच नाहीये."

सगळे गप्प.

"टोक तुटलंय तिचं," आई म्हणाली. "मी नेहमी एक वजा करते. मला वाटलं, तुला माहितेय."

आता बघा, हे कळणार कसं? टेपवर शून्य कुठे ठळक छापलेला असतो? टोक आपण भिंतीला टेकवतो आणि बघतो तो पलीकडचा आकडा. सुरुवात कोण बघतंय! आई चाळीस वर्षं मनातल्या मनात एक वजा करत होती, आणि एकही ब्लाउज एका सुतानं चुकला नव्हता.

मी तावातावानं विचारलं, "पण गेला कुठे तो इंच?"

आई म्हणाली, "तूच कापलास. सहावीत होतीस. शाळेत तो सेल आणि बल्बचा प्रयोग होता, तुला पत्र्याची पट्टी हवी होती. टेपच्या टोकाचं पितळ कात्रीनं कापून नेलंस, एक इंच टेपसकट." आणि माझं तोंड बघून तिची तिलाच दया आली असावी. म्हणाली, "लागला होता हो बल्ब."

शिडीवरचा मुलगा हसून हसून खाली बसला.

मापावर करून घेतलेला माल परत जात नाही. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं, त्यामुळे बोलायला तोंडही नव्हतं. बाहेरून, भिंतीवर बसवावा म्हटलं, तर एका खिडकीला डाव्या अंगाला कपाट भिडलेलं. शिवाय चौकट झाकून दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, उरत होतं. भिंतीवर लावायचा ब्लाइंड दोन्ही बाजूंना निदान दोन-तीन इंच जास्त हवा, नाहीतर कडेनं उन्हाच्या उभ्या रेघा येतात.

मग आमचे सुतारकाका आले. पाणसळ लावली, गुण्या लावला, चौकटीवर बोटांनी टकटक केलं. म्हणाले, "ताई, लाकडाची चौकट असती तर रंधा मारून जागा केली असती. ग्रॅनाइटला काय मारू, डोकं? ब्लाइंडच कापू. पण नशीब समजा, लाकडाचा आहे."

गॅलरीत दोन दिवस त्यांचा कारखाना चालला. खालच्या जाड पट्टीची बुचं काढली, दोऱ्यांच्या गाठी सोडल्या, दोऱ्या वर ओढून घेतल्या, आणि एकेक पट्टी शिडीतून पायरी काढावी तशी बाहेर आली. एका खिडकीला ३१ पट्ट्या. सगळ्यांची जुडी करून दोन फळ्यांमध्ये आवळली, वर चिकटपट्टी, आणि बारीक दातांच्या करवतीनं दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच, म्हणजे चार-चार सूत. काका सुतातच बोलतात. (आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. तरी आपण घर चौरस फुटांत घेतो, कापड मीटरवर घेतो आणि सुतार सुतात मोजतो. यातलं एक काहीतरी ठरवा, असं मी गेली वीस वर्षं भेटेल त्याला सांगतेय.) वरची लोखंडी पट्टी हॅकसॉनं कापली. मग कापलेल्या प्रत्येक टोकाला पॉलिशचा बोळा. मी म्हटलं, "काका, टोकं कोणाला दिसतायत?" तर म्हणाले, "तुम्हाला नाही दिसत, पावसाळ्याला दिसतात." लाकूड दमट हवा सगळ्यात जास्त पितं ते कापलेल्या टोकातून.

तीन खिडक्या, ९३ पट्ट्या, १८६ तुकडे. अर्धा इंच बाय दोन इंच, मधासारखे. आईनं ते बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवले आणि दिवाळीत नातीच्या किल्ल्याला पायऱ्या झाल्या. सोसायटीत त्या वर्षी सागवानी पायऱ्यांचा किल्ला म्हणून बोलबाला झाला.

सागवान नव्हतं हं ते! हे सांगायलाच हवं, कारण लोक दुकानात जाऊन "सागवानी दाखवा" म्हणतात. सागवान दाराला द्या, पलंगाला द्या. ब्लाइंड रोज वर ओढायचा असतो, त्याला लाकूड हलकं हवं. बहुतेक चांगले लाकडी ब्लाइंड बासवूडचे असतात. वजनाला हलकं, सरळ रेषेचं, रंग छान धरतं. पाउलोनियाही हलकं असतं. आणि 'फॉक्स वूड' म्हणून जे दाखवतात, ते लाकूड नाही. ते पीव्हीसी किंवा मिश्रण असतं. ते पाण्याला भीत नाही, पण उचलायला जड. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या खिडकीला तेच लावा. फोडणीची वाफ आणि खरं लाकूड यांचं जमत नाही. कोकणात, मुंबईत समुद्राशेजारी राहत असाल तर खरं लाकूड घेण्याआधी दोनदा विचार करा. नागपूरकरांनी खुशाल घ्यावं. तिकडे माझ्या नणंदेकडे अजून उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारतात, त्या वासापुढे माझे ब्लाइंड झक मारतात, पण ते जाऊ दे.

पट्टी किती रुंद? २५ मिलिमीटर, ३५, ५०. रुंद पट्टी म्हणजे कमी पट्ट्या, पुसायला कमी, आणि उघडल्यावर बाहेरचं जास्त दिसतं. पण रुंद पट्टीला चौकटीत खोलीही लागते. आतल्या बाजूला ग्रिल असेल, किंवा डासांच्या जाळीची कडी पुढे येत असेल, तर ती पट्टी फिरताना त्यावर आपटते. आणि ब्लाइंड वर ओढला की तो नाहीसा होत नाही, त्याची थप्पी होते. आमच्या साडेचार फूट उंचीच्या खिडकीला ती सात-आठ इंच भरते. तेवढं आभाळ गेलं म्हणून समजा. स्लायडिंगच्या खिडकीनं आधीच अर्धी हवा खाल्लेली असते. खिडकी अर्धीच उघडते तिला खिडकी का म्हणायचं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

फार रुंद खिडकीला एकच ब्लाइंड करू नका, दोन करा. नाहीतर ओढताना खांदा जातो. पट्ट्यांमधून दोऱ्या जातात त्या भोकांतून उजेडाचे ठिपके पडतात. झोपायच्या खोलीत ते नको असतील तर दोऱ्यांवर कापडी फीत असलेला प्रकार मागा.

सफाईला पाणी नको. जुना सुती मोजा हातात चढवायचा, पट्ट्या मिटायच्या, एका बाजूनं पुसायच्या, उलट मिटायच्या, दुसऱ्या बाजूनं पुसायच्या. आणि जून लागला, खिडकी उघडी ठेवायची असली, की ब्लाइंड वर. झडीत भिजलेली पट्टी वाळते, पण वाळताना वाकते.

एक मात्र गमतीत घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर लोंबत्या दोरीचा ब्लाइंड आणूच नका. बिनदोरीचे मिळतात. आधीच दोरीचा असेल तर भिंतीत खुंटी मारा, जमिनीपासून दीड मीटर तरी वर, आणि दोरी तिला गुंडाळून ठेवा. पाळणा, पलंग, खुर्ची त्या खिडकीखाली नको. दोरी गळ्यात अडकून लहान मुलं जिवाला मुकली आहेत. परत सांगते, दोरी दीड मीटरच्या वर, खिडकीखाली खुर्ची नको.

राहिलं माप. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर चौकटीचं माप द्या, तीन ठिकाणी घेऊन, सगळ्यात लहान. वर 'हे चौकटीचं माप आहे' असं लिहून द्या. ब्लाइंड मोकळा हलायला लागणारी सूट करणारा कापतो. तुम्हीही कापलीत तर ती दोनदा जाते. आणि टेप स्टीलची घ्या.

आईची टेप अजून डब्यात आहे. तिनं आता एकच्या आकड्यावर लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे, माझ्यासाठी. ती स्वतः वजाच करते.

नमस्कार.