पिसें : अंगात शिरलेला शब्द

(दृश्य : गोवा, म्हापशाचा बाजार. मानकुराद आंब्यांच्या पाट्या, घासाघीस.)

एप्रिल महिना, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मानकुरादचा डझनाचा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, ‘पिसो जालो काय कितें?’ विकणारा हसतो. भाव काही उतरवत नाही.

पिसो म्हणजे वेडा. बाई असेल तर पिशी. आणि जे डोक्यात शिरलं की तहानभूक हरपते, ते पिशें. फुटबॉलाचें पिशें, नाटकाचें पिशें. गोव्यात हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, कधी शिवी म्हणून, कधी कौतुकानं. आवाजावरून ओळखायचं.

आपल्या मराठीत तोच पिसा, तेच पिसें. संतांच्या अभंगांत तो मोकळेपणी वावरतो, पण बोलण्यात आता एकटा फारसा येत नाही. आधाराला ‘वेडा’ लागतो. वेडापिसा. त्याचं गणगोत मात्र ठणठणीत आहे. वारा पिसाट सुटतो, कुत्रं पिसाळतं. मोराचं पीस तेवढं या कुळातलं नाही, ते ‘पिच्छा’चं.

(दृश्य : संध्याकाळ. वडाखाली पणती.)

या कुळाचा मूळपुरुष आहे पिशाच. अथर्ववेदात तो भेटतो. जुने पंडित त्याची फोड करतात : पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच. प्राकृतात आल्यावर शेवटचा ‘च’ झिजला, राहिलं पिसाअ. पुढे मराठीनं त्याचा पिसा केला, कोकणीनं पिसो. जसा आपला घोडा तिकडे घोडो होतो.

म्हणजे आधी भूत. मग भुतानं धरलेला माणूस. मग भूतबीत काही नसताना तसा वागणारा. आणि शेवटी, एकाच गोष्टीचा ध्यास घेतलेला कोणीही. व्याकरणात मात्र भूत अजून बसून आहे. ‘मी पिसें केलं’ असं कोणी म्हणत नाही. पिसें मला लागतं. वेड लागतं, नाद लागतो, छंद जडतो. करणारा बाहेरचा, आपण नुसते सापडलेले.

गोव्यात या बाहेरच्याची भीती तशी बेताचीच. इथे गावोगाव देवचार आहे, वेशीचा राखणदार. त्याला रोट द्यायचा, सोरो म्हणजे दारू द्यायची, आणि निर्धास्त झोपायचं. भूत इथे शेजाऱ्यासारखं, मान राखला की झालं.

(दृश्य : सांखळी. दत्तमंदिर, आरती.)

सांखळीच्या या दत्तमंदिरात मनाचे आजार बरे होतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. दुरून माणसं येतात. आणि गंमत बघा : ज्याच्याकडे वेड उतरवायला यायचं, त्या देवाची नावं ऐका. दत्तात्रेय उपनिषदात मंत्र आहे : ‘दत्तात्रेय हरे कृष्ण उन्मत्तानन्ददायक, दिगम्बर मुने बाल पिशाच ज्ञानसागर.’ पिशाच आणि ज्ञानसागर, शेजारी शेजारी! लोकरीत सोडलेला अवधूत वरून पिशाचासारखाच दिसतो, असं आपल्या परंपरेनं कधीच मान्य केलेलं आहे. विठ्ठलाचं पिसें लागणं ही भाग्याची गोष्ट ठरली, तिची मुळं मला इथे दिसतात.

(दृश्य : दक्षिण गोवा, पारोडे. चंद्रनाथ डोंगराची चढण.)

पारोड्याचा हा डोंगर, लोकांच्या तोंडी नुसता ‘पर्वत’. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. भूतनाथ, म्हणजे भुतांचा धनी. या पर्वतावरून ज्यांचं आडनाव आलं, त्यांतला एक माणूस लयीनं झपाटलेला निघाला : तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर.

त्यांच्याबद्दल जाणकार सांगत आले ते असं. एका हातानं एक ताल, दुसऱ्या हातानं दुसरा. एका पायानं तिसरा, दुसऱ्या पायानं चौथा. तोंडानं पाचव्याचे बोल. आणि शेवटी पाचही एकाच क्षणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पहिल्या ठोक्यावर.

(पडदा काळा. फक्त टाळीचा आवाज.)

हे किती अवघड, त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडू. उजव्या हातात सोळा मात्रांचा त्रिताल, डाव्या हातात दहा मात्रांचा झपताल, आणि मात्रा दोन्हीकडे तेवढ्याच वेगाची. दोघांची सम एकत्र पडणार ८० मात्रांनी. पायावर बारा मात्रांचा एकताल घ्या, २४० झाल्या. दुसऱ्या पायावर सातांचा रूपक आला की गाठ थेट १६८० मात्रांनी. तोवर पहिला हात त्रितालाची १०५ आवर्तनं करून बसलेला. मध्ये कुठे एक मात्रा हलली की सगळं मुसळ केरात. आणि पाचवा ताल अजून तोंडात यायचाच आहे.

असलं गणित नोकरी म्हणून कोणी करत नाही. त्याला पिशेंच लागतं.

खाप्रुमामा १९५३ साली गेले. पाच ताल राहू देत. उजव्या हातानं मांडीवर तीन धरा, डाव्या हातानं तेवढ्याच वेळात चार. दोन्ही हात बरोबर सुरू करायचे, आणि पहिला ठोका दर वेळी दोघांचा एकत्र पडला पाहिजे.

हं, करा सुरू.