साडेअकराचा फोन

(दृश्य: सोलापूर. स्वयंपाकघर. तव्यावर भाकरी, डब्याला टेकवलेला मोबाइल.)

सोलापुरात सकाळचे साडेअकरा वाजतात, तेव्हा फ्रीटाउनमध्ये सहा वाजलेले असतात. ताईचा फोन याच वेळेला येतो.

"काय करलालीस गं?" आई विचारते.

"उठले आत्ता. सातला ड्युटी आहे."

माझी ताई नर्स आहे. सोलापूरच्या वॉर्डांत तिनं दहा वर्षं काढली. आता ती पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात उभ्या असलेल्या 'ग्लोबल मर्सी' या जहाजावर सेवा करते. हे दवाखान्याचं जहाज. १७४ मीटर लांब, १२ मजले, ६ ऑपरेशन थिएटर. १९७८ साली सुरू झालेली 'मर्सी शिप्स' ही ख्रिस्ती संस्था ते चालवते. पेशंटला ऑपरेशनचा एक पैसा पडत नाही. काम करणाऱ्यांनाही पगार नाही. उलट तिकीट आणि जहाजावर राहण्याजेवण्याचा खर्च ज्याचा त्यानं उभा करायचा.

ताईचा खर्च आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी उचलला. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, अंडी घेऊन आले आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव झाला. एका आजींनी स्वतःच आणलेली कोंबडी दुप्पट बोली लावून परत सोडवली. ताई आजही त्या कोंबडीची आठवण काढते.

(दृश्य: केबिन. अरुंद पलंगावर सोलापुरी चादर.)

पाणी जपून वापरायचं, म्हणून अंघोळ दोन मिनिटांत. केबिन इतरांबरोबर वाटून घ्यायची. एसीचा गारठा असतो, तेव्हा अंगावर आपली चादर. मग जिना उतरून वॉर्ड. तिथं सकाळची प्रार्थना होते, ढोल वाजतो, पेशंटही गातात. सिएरा लिओनमधले बहुसंख्य लोक मुसलमान आहेत आणि वॉर्डातही मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारी शेजारी असतात. ऑपरेशनसाठी धर्म कुणी विचारत नाही.

सोलापूरच्या नर्सला कुठं दुखतंय ते मराठीत विचारता येतं, कन्नडमध्ये आणि तेलुगूतही. तिथं ताई क्रिओ ही तिथली भाषा शिकली. "हाउ दी बॉडी?" म्हणजे तब्येत कशी आहे. त्यावर कितीही दुखत असलं तरी उत्तर येतं, "आ तेल गॉड टेंकी." देवाचे आभार मानते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ताईला पुढचं बोलता आलं नाही.

एका पेशंटचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही. वॉर्डात पेशंटचे फोटो काढायला ताईला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पोरगी साधारण नऊ वर्षांची. लहानपणी चुलीच्या जाळात पडली. भाजलेली जागा नीट उपचारांविना भरली की व्रण आक्रसतो आणि सांध्याला ओढून धरतो. तिचा दंड असाच बरगड्यांना चिकटला होता. हात वर उचलता येत नव्हता. तिची वेणीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी घालायची.

सर्जननं तो व्रण मोकळा केला आणि मांडीची कातडी काढून तिथं बसवली. पुढचं काम नर्सचं. गॉज सलाईननं भिजवायचं, थांबायचं, मग एकेक पदर उचलायचा. घाईनं ओढलं तर नुकती धरलेली कातडी सुटून येते. एका ड्रेसिंगला तासभर लागतो. पोरगी रडते, ताई हळूहळू गात राहते. रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं. शब्द कळत नसले तरी पोरगी आता चालीवर मान हलवते.

प्रत्येकाचं ऑपरेशन होत नाही. लांबून चालत आलेल्या माणसाची गाठ काढता येण्यासारखी नसते, मग तसं त्याला सांगावं लागतं. असा दिवस गेला की दुसऱ्या सकाळी ताई फोनवर बोलत नाही. आई भाकरी थापते, तो आवाज ऐकत बसते. आईही काही विचारत नाही.

(दृश्य: बाजार. शेंगदाण्याचे ढीग.)

तिकडे भातावर शेंगदाण्याचा रस्सा घेतात. ताईनं नेलेली शेंगा चटणी वॉर्डातल्या तिथल्या सहकारी बाईंनी चाखली आणि बोटं चाटत विचारलं, ही आमचीच का? कडक भाकरी मात्र त्यांच्या दातांना पेलली नाही.

"आपल्याकडं आजारी माणसं कमी आहेत का?" हा प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला, नातेवाइकांनी विचारला. आईनंही विचारला होता. ताईनं पणजीची गोष्ट काढली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशननं सोलापुरात काम सुरू केलं. पुढं त्यांच्याच शाळेत पणजीच्या हातात पाटी आली. शिकवणारी बाई समुद्र ओलांडून आलेली. ती आधी आपली भाषा शिकली, मग शिकवायला बसली. "तिलाही तिच्या गावात कुणी विचारलंच असेल, आई." आई गप्प झाली. मग प्रवासासाठी चटणी कुटायला बसली.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. साडेअकरा.)

आज फोन लागल्या लागल्या आईनं विचारलं, "त्या पोरीचा हात?"

ताई हसत होती.

"कानापर्यंत यायचा, आज केसांपर्यंत पोचला. फणी मागितली तिनं."