खात्यात पैसे आहेत, तरी प्रकल्प तुटीत आहे

मित्रहो, आधी एक हिशेब मांडू या. बाकीचं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे, तेव्हा कागद-पेन असेल तर हाताशी घ्या.

समजा, एका बोर्ड गेमसाठी क्राउडफंडिंग झालं, म्हणजे खेळ तयार होण्याआधीच लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा झाले. १,५०० बॅकर, म्हणजे पैसे देणारे, प्रत्येकी ६० डॉलर, डिलिव्हरी त्यातच धरलेली. पानावर आकडा दिसतो ९०,००० डॉलर. मोहीम संपल्यावर कार्डांवरून पैसे कापले जातात तेव्हा काही कार्डं चालत नाहीत. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या मंचावर त्या बॅकरना कार्ड दुरुस्त करायला सात दिवस मिळतात, तरी थोडे गळतातच. दोन टक्के गळाले असं धरू. राहिले १,४७० बॅकर आणि ८८,२०० डॉलर. त्यातून मंचाचे पाच टक्के म्हणजे ४,४१० गेले. पेमेंट प्रक्रियेचे तीन टक्के आणि वर प्रत्येक प्लेजमागे (बॅकरने कबूल केलेल्या रकमेमागे) वीस सेंट, म्हणजे २,६४६ अधिक २९४. साधारण दोन आठवड्यांनी हातात पडतात ८०,८५०. नव्वद हजारांचा आनंद साजरा करून झालेला असतो, पण नव्वद हजार कधी नव्हतेच.

आता खर्च. २,००० प्रती, दर १७ डॉलर, म्हणजे ३४,०००. प्लास्टिकच्या सोंगट्यांचे साचे ६,०००. चित्रं आणि मांडणी ८,०००. जहाजभाडं आणि कस्टम ५,०००. घरपोच पाठवणं दर पार्सलमागे १३ डॉलरप्रमाणे १९,११०. बेरीज ७२,११०, शिल्लक ८,७४०. कागदावर सगळं ठीक दिसतं.

पण कोटेशन घेतलं तो दिवस आणि बिल भरायचा दिवस यांत बहुतेक वेळा आठ-दहा महिने जातात. छपाईचा दर १७ चा १८.५० झाला, की ३,००० वाढले. जहाजभाडं ५,००० वरून १४,००० वर गेलं, की ९,००० वाढले. पार्सल १३ चं १८ झालं, की ७,३५० वाढले. यातला एकही आकडा अतिरेकी नाही. २०२१ मध्ये चीनहून निघणाऱ्या कंटेनरचं भाडं आधीच्या कित्येक पट झालं होतं, ते आठवा. आठ हजार सातशे चाळीस कुठल्या कुठे गेले आणि १०,६१० ची तूट उभी राहिली.

खरी गोम पुढेच आहे. ही तूट उभी राहते त्या दिवशी बँकेत काय दिसतं? चित्रांचे ८,००० दिले, साच्यांचे ६,००० दिले, छपाईचा तीस टक्के अॅडव्हान्स ११,१०० दिला. एकूण २५,१००. खात्यात अजून ५५,७५० डॉलर आहेत! निर्माता निवांत झोपतो. द्यायचे मात्र बाकी आहेत छपाईचे उरलेले २५,९००, जहाजाचे १४,००० आणि पार्सलांचे २६,४६०, म्हणजे ६६,३६०. पासबुक सांगतं पंचावन्न हजार आहेत. हिशेबाची वही सांगते दहा हजार कमी आहेत. पासबुकाकडे बघून चालणारे प्रकल्प शेवटच्या टप्प्यात, म्हणजे गोदामात माल येऊन पडल्यावर बुडतात. बॅकरना सगळ्यात जास्त चीड येते तीही तेव्हाच, कारण खेळ तयार आहे, फोटोत दिसतोय, आणि घरी येत नाही.

म्हणून वहीत तीन रकाने ठेवा: कोटेशन किती, शब्द किती रकमेचा दिलाय, आणि प्रत्यक्ष भरले किती. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणी ठेवत नाही. दर आठवड्याला एकच भागाकार करायचा: खात्यातली रक्कम भागिले उरलेला खर्च. वरच्या उदाहरणात तो ०.८४ येतो. १.१ च्या खाली आला, की घंटा वाजली असं समजा. एकच्या खाली येईपर्यंत थांबलात, तर निवडीला फारसं काही उरत नाही. मोहिमेचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मोहीम संपल्यावर उशिरा आलेले प्लेज म्हणजे वरकमाई, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. प्रत्येक उशिरा आलेल्या प्लेजच्या मागे एक प्रत आणि एक पार्सल येतं. आणि त्याहून वाईट चाल म्हणजे दुसऱ्या खेळाची मोहीम काढून तिच्या पैशांतून पहिल्या खेळाचं भोक बुजवणं. पहिल्या खेळाचे बॅकर खूश होतात, दुसऱ्या खेळाचे बॅकर नकळत त्यांचे जामीन होतात. दुसरी मोहीम जरा कमी भरली, की दोन्ही एकदम कोसळतात. यात माझं मत टोकाचं आहे: पहिल्या खेळाचे पैसे पूर्ण सुटेपर्यंत दुसऱ्याची घोषणासुद्धा करू नये.

आता स्ट्रेच गोल, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर खेळात घालू म्हणून जाहीर केलेली जादा वस्तू. सगळे त्याची किंमत प्रतीमागे मोजतात. लाकडी टोकन, साठ सेंट, दोन हजार प्रती, बाराशे डॉलर, झालं. पेटीकडे कुणी बघत नाही. ३० बाय ३० बाय ७ सेंटिमीटरची पेटी पॅकिंगसकट ३२ बाय ३२ बाय ९ होते. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार बहुधा ५,००० ने भागून आकारमानाचं वजन काढतात. इथे ते १.८४ किलो येतं. टोकनं आणि जादा ट्रे घालण्यासाठी पेटी दोन सेंटिमीटरने उंच केली, की तेच २.२५ किलो. खरं वजन १.६ किलो असलं तरी पैसे जास्त असेल त्या वजनाचे. दोन किलोचा टप्पा ओलांडला, की पुढच्या गटाचा दर लागतो, आणि तो १,४७० वेळा लागतो. शिवाय २,००० पेट्यांचं घनफळ १२.६ घनमीटरवरून १६.२ वर जातं, आणि सुट्या मालाचं जहाजभाडं घनमीटरवरच असतं. बाराशेचं टोकन कितीला पडलं, ते आता मोजा. कुठलाही स्ट्रेच गोल जाहीर करण्याआधी तो पेटीत बसवून बघायचा, पट्टी लावून. पंचबोर्डची (टोकनं कापून ठेवलेल्या जाड पुठ्ठ्याची) जादा शीट असेल तर टोकनं फोडल्यावर ती पेटीत परत कशी मावतात, तेही.

काही वाढ निर्मात्याच्या हातातली नसते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा आयातकर १४५ टक्क्यांपर्यंत नेला आणि मे महिन्यात तो ३० टक्क्यांवर आला. कर लागतो तो आयातीच्या घोषित किमतीवर, दुकानातल्या किमतीवर नाही. आपल्या १८.५० च्या प्रतीवर तो एका महिन्यात २६.८३ डॉलर, तर पुढच्या महिन्यात ५.५५. ज्यांनी डिलिव्हरी आणि कर प्लेजमध्येच गुंडाळून टाकले होते, त्यांची कोंडी झाली. म्हणून डिलिव्हरी आणि कर नंतर, माल निघायच्या सुमारास प्लेज मॅनेजरमधून (मोहिमेनंतर बॅकरकडून पत्ते आणि बाकीचे पैसे घेणाऱ्या ऑनलाइन सेवेतून) घ्यावेत, हे आता बरेच जण मानतात. फक्त मोहिमेच्या पानावर प्रदेशवार अंदाज दोन टोकांसह लिहा: इतक्या ते इतक्या डॉलर. ‘डिलिव्हरी नंतर कळवू’ एवढंच लिहिणं म्हणजे बॅकरकडून कोऱ्या धनादेशावर सही घेणं झालं.

बरं, तूट पडलीच. आता काय?

आपल्या उदाहरणाकडे परत या. २,००० छापल्या, १,४७० बॅकरच्या. उरल्या ५३०. तुटलेल्या, हरवलेल्या पार्सलांसाठी ६० बाजूला ठेवा. ४७० मोकळ्या. वितरक छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास घेतात. ६० च्या खेळाला २४ डॉलर. ४७० गुणिले २४, ११,२८०. तूट होती १०,६१०. म्हणजे भोक बुजतं, आणि बॅकरकडे एक पैसा मागावा लागत नाही. पण दोन गोष्टी लागतात. वितरकाने पैसे माल कारखान्यातून निघायच्या आधी द्यायला हवेत; माल पोहोचल्यावर महिन्याने नाही. त्यासाठी तो आणखी सूट मागेल. २० डॉलरला दिल्या तरी ९,४०० येतात, मग बाकीचे बाराशे कुठून तरी उभे करता येतात. आणि करारात लिहून घ्या, की बॅकरची पार्सलं रवाना होईपर्यंत एकही प्रत दुकानात विकली जाणार नाही. आपल्या आधी दुकानात खेळ दिसला, की बॅकर पुन्हा त्या नावाकडे फिरकत नाही.

हा सौदा पाच महिने हातात असताना जमतो. पाच दिवस असताना समोरचा दहा डॉलर म्हणतो.

हे जमलं नाही तर पुढे बघायचं. प्रती कमी छापून वाचत नाही, कारण संख्या घटली की प्रतीचा दर चढतो. माल दोन टप्प्यांत पाठवायचं आश्वासन दिलं असेल तर ते एका टप्प्यावर आणा. दोन टप्पे म्हणजे दोनदा पार्सल. यासाठी बॅकर बहुधा थांबायला तयार होतात, पण विचारलं तर. कबूल केलेला भाग न विचारता बदलणं मात्र नाही. धातूचं नाणं गुपचूप पुठ्ठ्याचं झालं, तर वाचतात पन्नास सेंट आणि जातो तो सगळा भरवसा. बॅकर पेटी उघडतो तेव्हा मोहिमेचं पान शेजारच्या स्क्रीनवर उघडं असतं.

शेवटी बॅकरकडे जादा पैसे मागायचे. १०,६१० भागिले १,४७० म्हणजे माणशी ७.२२. पण सगळे देणार नाहीत. सत्तर टक्क्यांनी दिले तर १,०२९ जण, म्हणजे १०.३१, आणि पेमेंटचं कमिशन पुन्हा वेगळं. मागायचंच तर मागण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून जाहीर करा. किती रक्कम जमली तर काम होईल. तेवढी जमली नाही तर जमलेली परत जाईल, आणि तोवर ती वेगळ्या खात्यात राहील. जो देणार नाही त्याचं काय. त्याचा खेळ दुकानविक्रीनंतर जाईल, की परतावा मिळेल. ‘पैसे द्या नाहीतर खेळ विसरा’ अशी सक्ती केलीत, तर बॅकर बँकेत जाऊन व्यवहार उलटवायला सांगतात, आणि प्रत्येक उलटलेल्या व्यवहारावर दंड लागतो तो वेगळाच.

मागेल त्याला परतावा, हे ऐकायला उदार वाटतं. तुटीच्या काळात ते घातक आहे. जो आधी ओरडला त्याला पूर्ण साठ मिळतात, गप्प राहून वाट बघणाऱ्याच्या वाट्याला रिकामं खातं येतं. आणि साठ परत करताना मंचाचं कमिशन, साचे आणि चित्रं यांचे पैसे आधीच गेलेले असतात. तूट जाहीर करतानाच सांगा: परतावे अमुक तारखेपर्यंत थांबवले आहेत, कारण हे.

आता ते जाहीर कसं करायचं, हा भाग. ‘काही अनपेक्षित अडचणींमुळे विलंब होत आहे, आपल्या संयमाबद्दल आभार’ हे वाक्य बॅकरनी इतक्यांदा वाचलंय, की ते वाचताक्षणी त्यांना कळतं की पैसे संपले. त्याऐवजी असं लिहा: ‘खात्यात ५५,७५० डॉलर आहेत. छपाई, जहाज आणि पार्सलं मिळून ६६,३६० लागतात. तूट १०,६१०. सर्वांत मोठी वाढ जहाजभाड्याची, ९,०००. उरलेल्या ४७० प्रती आगाऊ विकण्याची बोलणी चालू आहेत. निर्णय १५ तारखेला कळवू. सौदा फिसकटला तर त्याच दिवशी पुढचा मार्ग सांगू.’ सहा-सात वाक्यं. कारखान्याची बिलं दाखवायची गरज नाही, खर्चाचे गट पुरे. आणि १५ तारखेला लिहायचं म्हणजे लिहायचं, काही घडलं नसलं तरी. दर महिन्याला एक ठरलेली तारीख धरा. फोटो टाकायचा तर कारखान्याहून आलेल्या नमुना प्रतीचा टाका, संगणकावर रंगवलेल्या पेटीचा नको. प्रश्नांना एकच माणूस उत्तर देईल असं ठरवा, नाहीतर दोन भागीदार दोन तारखा सांगतात.

गप्प बसलं की काय होतं, त्याची नोंद सरकारदरबारी आहे. ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या खेळासाठी २०१२ मध्ये १,२४६ बॅकरनी १,२२,००० डॉलरहून जास्त दिले; मागणी फक्त ३५,००० ची होती. जुलै २०१३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण आयोगाचं म्हणणं असं, की पैसे घरभाडं, स्थलांतर आणि दुसऱ्या प्रकल्पाचे परवाने यांत गेले, आणि बॅकरना मात्र काम चालू असल्याचं सांगितलं जात होतं. २०१५ चं ते प्रकरण क्राउडफंडिंगवरची आयोगाची पहिली कारवाई. खेळ बॅकरना अखेर मिळाला तो वेगळ्याच प्रकाशकाकडून. क्रिप्टोझोइकने तो हाती घेऊन छापला आणि त्यांना विनामूल्य दिला.

खेळ दुसऱ्या प्रकाशकाच्या हवाली करणं ही वाट म्हणून लक्षात ठेवा. हक्क कमी पैशात, प्रसंगी फुकट द्यायचे, अट एकच: बॅकरच्या प्रती त्याने द्यायच्या. साचे कुणाच्या मालकीचे, चित्रांचे हक्क हस्तांतर करता येतात का, हे करार पहिल्या दिवशीच नीट केलेले असतील तरच कुणी हात लावतो. चित्रकाराशी तोंडी बोलणं झालं असेल, तर इथे सगळं अडतं.

आणि तेही झालं नाही तर किकस्टार्टरच्या अटींत काय लिहिलंय ते वाचा: पैसा कसा खर्च झाला ते सांगायचं आणि उरलेला पैसा, ज्यांना बक्षीस (म्हणजे कबूल केलेला खेळ) मिळालेलं नाही त्यांना, प्लेजच्या प्रमाणात परत द्यायचा, किंवा तो वापरून प्रकल्प दुसऱ्या रूपात कसा पुरा करणार ते मांडायचं. समजा, साच्यांची किंमत, अॅडव्हान्स आणि पुढचा काही खर्च बुडून ४४,१०० उरले. १,४७० जणांना प्रत्येकी ३० डॉलर. तो भागाकार सर्वांसमोर करा, एकाच दिवशी सगळ्यांना पाठवा, आणि बॅकरच्या नाव-पत्त्यांची यादी इतर कशासाठीही वापरू नका. खेळातली कार्डं, नियमपुस्तिका, टोकनं यांच्या छपाईच्या फायली तयार असतील, तर चित्रकाराची परवानगी घेऊन त्याही सोबत द्या. घरी छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून खेळणारे काही जण त्यांत असतातच.