वानगीदाखल

(दृश्य: गुलटेकडी, मार्केट यार्ड. भुसार बाजारातलं गोदाम, सकाळ.)

पोत्याचं तोंड शिवलेलंच आहे. व्यापारी एक टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या कुशीत खुपसतो, बाहेर ओढतो आणि मूठभर गहू तळहातावर घेतो. फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. ही झाली वानगी. आता नीट बघा, दुसऱ्यांदा नळी पार तळाशी गेली. तोंडाशी चांगला माल भरायची कला या बाजाराला नवी नाही.

सामाजिक संशोधनात माणसांची वानगी घेतात. पुस्तकात तिला 'नमुना' म्हणतात. फरक एवढाच, की इथे पोतं शहराएवढं असतं आणि दाणे दार लावून घेतात.

(दृश्य: फर्ग्युसन रस्ता, संध्याकाळचे सहा.)

कॉलेजात असताना माझं पहिलं सर्वेक्षण मी इथे केलं. विषय, पुणेकरांचा रोजचा प्रवास. शंभर फॉर्म, दोन संध्याकाळी. पुरुष पन्नास, बायका पन्नास, तरुण इतके, ज्येष्ठ इतके, हिशेब एकदम चोख. याला कोटा पद्धत म्हणतात हे नंतर कळलं. माझा निष्कर्ष होता, पुणेकर बसने फारसा जातच नाही. बसने जाणारा त्या वेळी डेक्कनच्या थांब्यावर बसच्या दारात पाय ठेवायला जागा शोधत होता. तो माझ्याशी बोलायला थांबणार कसा?

आज हेच काम गूगल फॉर्मवर होतं. लिंक मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर पडते, तिथून सोसायटीच्या. हा सोयीचा नमुना. प्रश्न लोकांना कळतायत का, हे तपासायला तो झकास. स्वस्त आणि झटपट. पण त्यावरून 'पुणेकरांपैकी इतके टक्के' असं लिहायचा मोह होतो, आणि पाच हजार फॉर्म जमले की तो आवरतच नाही.

वास्तविक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली साधारण 1000 माणसं पुरतात. शंभरातल्या पंचाण्णव वेळा त्यांची टक्केवारी खऱ्या आकड्याच्या तीन टक्के इकडेतिकडे असते. शहर पुण्याएवढं असो की मुंबईएवढं, याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. चूक निम्मी करायची, तर नमुना चौपट लागतो. यादृच्छिक म्हणजे मात्र वाटेल तसा नव्हे. कुणाला निवडलं जायची संधी किती, हे आधी ठाऊक हवं. त्यासाठी यादी हवी, आणि घोडं पेंड खातं ते इथेच.

(दृश्य: वाघोली. अर्धवट इमारती, पाण्याचे टँकर.)

कुठली यादी घ्यायची? 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर होती. पुढची जनगणना लांबली. दरम्यान 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं महापालिकेत आली, वाघोली त्यातलंच. मग मतदारयादी घ्यावी? मतं विचारायची असतील तर उत्तम. पहिलं नाव चिठ्ठीने काढायचं, मग दर ठरावीक अंतरावरचं नाव घेत जायचं. पण प्रश्न घरभाड्याचा असेल, तर भाड्याने राहणाऱ्या किती जणांची नावं अजून गावाकडच्याच यादीत असतात!

सदाशिव पेठेत तर गंमतच. एका खोलीत सहा कॉट, सहा एमपीएससीवाले, जेवण मेसमध्ये. ही कुटुंबं किती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. मेस-होस्टेलात राहणारा प्रत्येक जण एकट्याचं वेगळं कुटुंब. म्हणजे सहा. घाईतला प्रगणक घरमालकाचा एकच फॉर्म भरतो आणि खाली उतरतो.

यादी असली तरी शहर एका पातेल्यातला भात नाही, शितावरून परीक्षा व्हायला. म्हणून स्तर पाडतात: वाडे, टॉवर, वस्त्या, आणि प्रत्येकातून वेगळी निवड. 2022-23च्या घरखर्चाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शहरी घरांचे स्तर चारचाकीवरून पाडले होते: 10 लाखांहून महाग गाडी, त्याहून स्वस्त गाडी, आणि गाडीच नाही. मला ही युक्ती फार आवडते. उत्पन्न विचारलं की माणूस खोटं बोलतो. गाडी पार्किंगमध्ये उभी असते.

समूह पद्धत पायपीट वाचवते: दोन-चार सोसायट्या निवडायच्या आणि तिथलीच घरं करायची. मात्र कोथरूडच्या एका सोसायटीतली वीस घरं म्हणजे वीस घरांची माहिती नव्हे. तोच टँकर, तोच गृहकर्जाचा हप्ता, तीच तक्रार.

(दृश्य: गोखले अर्थशास्त्र संस्थेची दगडी इमारत.)

या शहराला हे सगळं नवं नाही. 1930 साली स्थापन झालेल्या या संस्थेने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग 1945 साली छापून आला. फर्ग्युसनमध्ये शिकलेले सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तर नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रातले जगन्मान्य नाव. त्यांचा एक वाद ऐकण्यासारखा आहे. पिकाचं उत्पादन मोजायला शेतातला छोटा तुकडा दोरीने आखून, त्यातलं पीक कापून तोलतात. तुकडा केवढा असावा? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणत, लहान चालेल. सुखात्म्यांनी प्रयोगांतून दाखवलं, की लहान तुकड्यात उत्पादन जास्त दिसतं. कारण शेताच्या मातीत नव्हे, कापणाऱ्याच्या हातात होतं. दोरीवर टेकलेली ओंबी आत धरायची की बाहेर? हात आतच ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्यात कडेचा वाटा मोठा. असे दहा हजार तुकडे कापले, तरी चूक जात नाही.

दोरीवरची ओंबी माणसांतही असते. सव्वाआठला घरी परतणारी बाई, कुलूप लावून गेलेला फ्लॅट.

(दृश्य: पहाट. कचरावेचक महिला, हातगाडी.)

काहींची यादीच नसते. तिथे एकीकडून दुसरीकडे, ओळखीने जावं लागतं. पोचायला दुसरा रस्ता नाही, आणि ओळखीच्या माणसामुळे बोलणंही मोकळं होतं. पण साखळी एकाच वस्तीत, एकाच गावच्या बायकांत फिरत राहते. जिची कुणाशी ओळख नाही, ती सापडत नाही. या मुलाखतींतून कामाची रीत कळते, अडचण कळते. टक्केवारी काढू नये.

(दृश्य: हडपसर, रात्रीचे साडेआठ. जिना.)

या घराचं नाव यादीत आहे. परवा दुपारी कुलूप होतं, काल संध्याकाळीही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, आमचाच भर की फॉर्म, मी रिकामीच आहे." प्रगणक मुलगी हसली, चहा घेतला, फॉर्म भरला नाही. काकू निवडीत नाहीत.

ती आज तिसऱ्यांदा जिना चढतेय. दारावर पाटी: 'विक्रेत्यांनी बेल वाजवू नये.' ती बेल वाजवते.

"कोण?"

"ताई, विकायला काही नाही आणलेलं. दहा मिनिटं बोलायचं होतं."

कडी वाजते.