बीजक कोणाजवळ?

(पहाट. किल्ल्याची तटबंदी, खाली लष्कर हा ग्वाल्हेर शहराचा भाग.)

ग्वाल्हेरच्या या किल्ल्यात शिंदे सरकारचा खजिना होता आणि त्या खजिन्याला गंगाजळी म्हणत. १८५८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो १८८६ साली जयाजीराव महाराजांना परत मिळाला. त्याच वर्षी महाराज वारले आणि गादीवर आलेले माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. लष्कर भागातल्या मराठी घरांत आजही सांगतात, की तळघरांपर्यंत पोचण्याची खूण, म्हणजे बीजक, एकट्या महाराजांना ठाऊक होते, ते मुलाला सांगायचे राहून गेले आणि खजिना पुन्हा हाती लागायला फार काळ लोटला.

(दाणाओळी. जुन्या वाड्याचा जिना, माजघर, पितळी डबा.)

दाणाओळीतल्या या वाड्यात राहणाऱ्या आजी संगीत शिकवून निवृत्त झाल्या आहेत, आणि त्यांचे क्रेडिट कार्ड या डब्यात, वीजबिलांच्या खाली असते. कार्डाला पासवर्ड हवा कशाला, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. डबा घरात, घराला कुलूप आणि कुलपाची किल्ली कमरेला, एवढे असताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याचा त्रास या वयात का घ्यायचा?

आता हे कार्ड जवळून पाहा. आकडे आम्ही झाकले आहेत, पण त्यांची जागा दिसते: पुढे सोळा आकडे, त्याखाली मुदत आणि नाव, मागे आणखी तीन आकडे. दुकानात, पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या काउंटरवर कार्ड ज्याच्या हातात जाते, त्याला हे सारे अर्ध्या मिनिटात उतरवून घेता येते, आणि त्यासाठी आजींच्या डब्याला हातही लावावा लागत नाही. एके काळी ऑनलाइन खरेदीला एवढी माहिती पुरत असे. फेब्रुवारी २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की कार्डावर दिसत नाही अशी आणखी एक माहिती विचारल्याशिवाय ऑनलाइन व्यवहार पुरा होऊ नये, आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो देशात लागू झाला. पासवर्डाची सारी किंमत या एका गोष्टीत आहे, की तो कार्डावर छापलेला नसतो.

(मोबाइलचा पडदा. फिरणारे चक्र.)

पडद्यावर हे चक्र फिरते तेव्हा काय चाललेले असते, ते सहसा कोणी समजावून सांगत नाही. दुकानदाराच्या संकेतस्थळावरून मागणी त्याच्या बँकेकडे जाते, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपेच्या जाळ्यातून ती कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोचते, आणि ती बँक आपले स्वतःचे पान ग्राहकासमोर उघडते. पासवर्ड किंवा ओटीपी लिहायचा तो या पानावर. तो बँकेलाच कळतो. दुकानदाराला फक्त ‘ओळख पटली’ किंवा ‘पटली नाही’ एवढेच उत्तर मिळते. विकणारा आणि ओळख पटवणारा हे दोघे असे वेगळे ठेवलेले आहेत, ही या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते.

सुरुवातीला हा पासवर्ड कायमचा, आपणच ठरवलेला असे. लोक तो विसरत, किंवा विसरू नये म्हणून कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवत. पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी रुळला आणि लक्षात ठेवण्याचे ओझे उतरले. विसरण्याच्या भीतीला आणखीही एक उत्तर आहे: जयाजीरावांचे बीजक त्यांच्याबरोबर गेले, पण कार्डाचा विसरलेला पिन बँक पुन्हा नवा करून देते.

(आजी फोनवर बोलताना.)

इथे मात्र आम्ही थबकलो. आजींच्या कार्डाचा ओटीपी पुण्यात, मुलाच्या मोबाइलवर येतो, कारण अर्ज भरताना त्याचा नंबर दिला गेला. औषधे मागवायची झाली की आजी फोन करतात, मुलगा बैठकीत असेल तर थांबतात, मग तो आकडे सांगतो आणि त्या ते कागदावर उतरवून घेतात. मायेने केलेली ही सोय आहे. तरी कार्ड ग्वाल्हेरात आणि त्याचे बीजक पुण्यात, अशी ही अवस्था आहे. शिवाय ओटीपी फोनवर सांगण्याची सवय एकदा लागली, की पलीकडचा आवाज मुलाचाच असेल याची खात्री कोण देणार? याच गल्लीतल्या एका घराने बँकेच्या नावाने आलेल्या फोनवर असे आकडे सांगितले. जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे, आपणच पासवर्ड सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले असते, आणि ते त्या घराने सोसले.

(महाराज बाडा. बँकेच्या पायऱ्या.)

आजी नातीबरोबर शाखेत गेल्या आणि कार्डाला स्वतःचा नंबर जोडण्याचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. त्याच खेपेस परदेशी व्यवहारही बंद करून घेतले, कारण परदेशातली पुष्कळ संकेतस्थळे ओटीपी न विचारताच पैसे घेतात, आणि २०२० पासून ही सोय हवी तेव्हा चालू-बंद करण्याचा अधिकार ग्राहकाकडे आहे. कार्ड यंत्राला नुसते टेकवून ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होते. तेही त्यांनी बंद करायला सांगितले.

शेवटी एटीएमसमोर नवा पिन ठरवायचा होता. जन्मसाल नको, एवढेच नातीने सुचवले आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. त्या चार आकड्यांच्या वेळी आम्हीही कॅमेरा रस्त्याकडे वळवला.

(बाड्यावरची दुपार. पायरीवर बसलेली नात. दार उघडून आजी बाहेर येतात.)